कुरणे सरांचा कप

कुरणे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीशेजारी उकिडवे बसून गवळ्याच्या रिकाम्या चरवीत डोकावत होते. गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावरची गोष्ट. तिथे गिऱ्हाइकासमोर म्हैस उभी करतात, समोरच धार काढतात आणि फेसासकट पेला हातात देतात. भेसळीची भीती नको म्हणून तर लोक तिथवर जातात. पण या गृहस्थांनी चरवी उलटी करून झटकली, तळाला बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मगच धार काढायला परवानगी दिली. गवळी ओळखीचा असावा. तो म्हणाला, "सर, चरवी बघून झाली. आता म्हशीच्या पोटात पाणी घातलंय का तेबी बघा की." आजूबाजूचे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "घातलंय का?"

पुढच्याच आठवड्यात मी राजारामपुरीकडच्या एका हायस्कुलात चित्रकलेची बाई म्हणून रुजू झाले आणि स्टाफरूममध्ये हेच गृहस्थ खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलेले दिसले. यशवंत कुरणे, विज्ञान शिक्षक. काळेसावळे, शिडशिडीत, पांढरा शर्ट, पांढराच रुमाल, आणि भुवया कायम थोड्या वर चढलेल्या, समोरचा माणूस आत्ताच काहीतरी खोटं बोलून गेल्यासारख्या. मी नाव सांगितलं, आधी गारगोटीच्या शाळेत होते असंही म्हटलं. सरांनी विचारलं, "सोडली का मग?" मी म्हटलं, मिस्टरांची बदली झाली. त्यावर त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. आठवडाभरात त्यांनी माझ्या मिस्टरांच्या ऑफिसातल्या एकाला गाठून बदलीची खात्री करून घेतली, हे मला नंतर कळलं. मला त्याचा रागही आला आणि हसूही. योगायोग असा की आम्हाला भाड्याचं घर मिळालं ते कळंब्याच्या रस्त्याला, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच शेजारी. त्यामुळे माझी चौकशी पुढेही बराच काळ चालू राहिली.

"कशावरनं?" हा त्यांचा शब्द. वर्गात शुद्ध बोलायचे, पण हा एक शब्द मात्र त्यांनी गावाकडून आणला तसाच ठेवला होता. पोरगं म्हणालं, सर, पृथ्वी गोल आहे, की आला प्रश्न, कशावरनं? पुस्तकात आहे म्हटलं की पुस्तक कशावरनं खरं? पोरं रडकुंडीला यायची, पण त्यांच्या हाताखालून गेलेलं पोर परीक्षेत पाठ केलेलं उत्तर लिहायला लाजायचं. मुख्याध्यापकांनी नोटीस काढली, शासनाचा आदेश आहे म्हणून, तर हे सगळ्यांदेखत विचारायचे, आदेश कशावरनं? दाखवा की. मुख्याध्यापक त्यांना टाळायचे. पोरांनी तर नावच पाडलं होतं, कशावरनं सर. सरांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असं मला वाटतं.

गणपतीची मूर्ती दूध पिते म्हणून सगळा देश चमचे घेऊन धावला तो दिवस मला चांगला आठवतो. शाळा अर्धी रिकामी झाली होती. आमच्या गणिताच्या सूर्यवंशी सरांनी स्टाफरूममधल्या छोट्या गणपतीला स्वतःच्या हाताने दूध पाजलं आणि डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांकडे पाहिलं. कुरणे सर उठले. दार अडवायला ठेवलेला गुळगुळीत दगड त्यांनी उचलला, धुतला, टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडेला चमचा टेकवला. दगडही दूध प्यायला. सर म्हणाले, "ह्योबी पितोय. ह्याला कुठं बसवायचं ते सांगा." सूर्यवंशी सर पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. सूर्यवंशी म्हणजे मोकळाढाकळा, मोठ्या आवाजाचा माणूस, खाण्यापिण्याचा शौकीन. मधल्या सुट्टीत स्वतःचा चहा संपवून दुसऱ्यांच्या कपातला उरलेलाही "टाकू नका हो" म्हणत बशीत ओतून घेणारा. मनात काही ठेवत नाही असं तो स्वतःच सांगायचा.

आता आमच्या स्टाफरूमच्या चहाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बाबूमामा मुल्ला नावाचे शिपाई व्हरांड्याच्या टोकाला स्टोव्हवर चहा करायचे. कप सगळे सारखे, पांढरे, निळ्या काठाचे, एकाच दुकानातून एकाच वेळी आणलेले. चहा झाला की मामा सगळे कप एकाच बादलीत विसळून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवायचे. कुणाचा कप कुठला असं काही नव्हतं. हात जाईल तो आपला. कुरणे सरांना त्या बादलीतल्या पाण्याबद्दल शंका होतीच, दुधाबद्दल तर होतीच होती, पण वास घेऊन का होईना, ते त्याच कपातून चहा प्यायचे.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीनंतर ते घरून स्वतःचा कप घेऊन आले.

तपकिरी, चिनीमातीचा, कान जरा उडालेला कप. चहा झाला की तो स्वतः धुवायचे, आणि प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवून कुलूप लावायचे. बाबूमामांनी किटली त्या कपाला टेकवलेलीही चालायची नाही. वरून ओता म्हणायचे. कारण विचारलं की म्हणायचे, "असंच."

दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर विषय दोन दिवसांत संपला असता. पण कुरणे सर बौद्ध समाजाचे होते, आणि त्यांच्या वडलांची गोष्ट त्यांनीच आम्हाला एकदा सांगितली होती. शाहूवाडीकडच्या त्यांच्या गावात हॉटेलच्या बाहेर भिंतीत एक कोनाडा होता. वस्तीतल्या माणसांचे कप त्यात. आपला कप आपण काढायचा, लांबून धरायचा, वरून चहा पडायचा, पिऊन आपणच धुवून ठेवायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वडील हॉटेलसमोर गेले, कोनाड्यातला कप काढला, भर रस्त्यात आपटला आणि घरी आले. नंतर मरेपर्यंत त्यांनी चहाला तोंड लावलं नाही. लहानगा यशवंत तेव्हा वडलांचं बोट धरून उभा होता. ही गोष्ट सांगताना सरांच्या भुवया खाली यायच्या. तेवढीच एक गोष्ट असावी जिच्याबद्दल त्यांना शंका नव्हती.

त्या बापाचा मुलगा स्वतःहून वेगळा कप घेऊन आला म्हटल्यावर स्टाफरूम ढवळून निघाली. सूर्यवंशी सरांना तो सरळसरळ टोमणा वाटला. "आमी कधी त्यांचा कप बाजूला ठेवला का? सांगा की. न्हाय ना? मग ह्यो आमच्यावर आरोप हाय." कुणी म्हणालं, दगडाला दूध पाजल्यापासून त्यांना वाटतंय आपण चहातून काहीतरी घालू. बाबूमामांनी आणखी वेगळाच अर्थ काढला. इतकी वर्षं माझ्या हातचा चालला, आता माझी बादली घाण झाली, ती कशामुळे, ते मला कळतं, असं ते मला एकदा खालच्या आवाजात म्हणाले. त्या दिवसांत शहरांत हिंदू-मुसलमानांतली हवा तशी बरी नव्हती, आणि मामांचा जीव दुखावला होता. त्यांनी सरांशी बोलणं टाकलं. किटली वरून ओतायची आणि पाठ फिरवायची. एका साध्या कपात ज्याला त्याला आपापलं दुखणं दिसत होतं, आणि सर खिडकीबाहेर बघत एकटेच चहा पीत होते.

मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली, आणि संशय घेण्याची पाळी आमच्यावर आली. तंबाखू खाणाऱ्या पोरांना उन्हात उभं करणारा हा माणूस पान खायला लागला. शाळा सुटली रे सुटली की कोपऱ्यावरच्या टपरीवर. पांढरे रुमाल गेले आणि त्यांच्या जागी गडद तांबडे आले. पूर्वी कधीतरी गडगडून हसायचे, ते अगदी बंद झालं. हसू आलं की तोंड दाबून बाहेर जायचे. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की सर गगनबावड्याच्या गाडीत बसतात, ही बातमी सूर्यवंशी सरांनीच आणली. त्यांच्या मेव्हण्याने पाहिलं होतं. भर पावसाळ्यात, जिथे चार महिने छत्री मिटत नाही, तिकडे माणूस दर शनिवारी कशाला जाईल? "दुसरं घर हाय," सूर्यवंशी सरांनी निकाल दिला. "पान, तांबडा रुमाल, शनिवारची गाडी. आणि काय पाहिजे?" मी त्यांच्या शेजारची, म्हणून सगळे माझ्याकडे बघायचे. मलाही उत्सुकता होतीच, नव्हती असं कसं म्हणू? पण शकूवहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, अंगणात भेटल्या की सुजाताच्या, त्यांच्या मुलीच्या, स्थळांबद्दल बोलायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सवतीचं काही दिसत नव्हतं. दिसायची ती भीती. पण कशाची, ते कळत नव्हतं.

सुजाताचं लग्न झालं. चांगलं झालं. मांडवात सर पान चघळत कोपऱ्यात उभे होते आणि लोकांना हात जोडत होते, कुणाच्या फार जवळ न जाता. लग्नानंतर गगनबावड्याच्या फेऱ्या बंद झाल्या, पानही थोडं कमी झालं. तपकिरी कप मात्र राहिला. मधे वर्ष-दीड वर्ष बरं गेलं असेल. मग पुन्हा शनिवारची गाडी सुरू झाली. आता सर दंड चोळत यायचे, इंजेक्शन घेतल्यासारखे, आणि जिना चढताना त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायची. दमा असेल म्हटलं तर हो म्हणायचे. "हो" इतक्या सहज म्हणणारे कुरणे सर मला पटत नव्हते.

मग तो दिवस आला. सरांचा नववीचा तास चालू होता, माझा वर्ग प्रयोगशाळेला लागूनच. सर फळ्याकडून एकदम वळले, हात धुवायच्या सिंककडे गेले आणि नळ मोठा सोडून वाकले. पोरांना काही वाटलं नाही. सर पान खातात हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, लाल थुंकले तर पानच. इतकं चोख काम त्या पानाने केलं होतं. नेमके त्या वेळी बाबूमामा पाण्याची घागर घेऊन आत आले. सिंकमध्ये बघून घागर तिथेच ठेवली आणि मला हाक मारली. मी धावले. सर सिंकला धरून उभे होते, आणि पाणी वाहत असूनही लाल रंग जात नव्हता. मामा म्हणाले, "बाई, ह्याला पानाचा वास न्हाय."

मामांनीच रिक्षा आणली. मागे सीटवर रेललेले सर, त्यांना धरून मामा, पुढे ड्रायव्हरशेजारी कसंबसं अंग चोरून मी. सरांना पुन्हा खोकला आला तसा मामांनी आपल्या खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या तोंडाशी धरला. सरांनी तो ढकलला, मामांनाही ढकललं. श्वास पुरत नव्हता, तरी म्हणाले, "लांब बस. लागंल तुला."

मामांनी त्यांच्या खांद्याभोवती हात टाकला. म्हणाले, "लागू दे की."

मी पुढे बघत बसले. मागे वळायचा मला धीर झाला नाही.

राजारामपुरीत छातीचे एक तरुण डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. रक्त थांबवायची औषधं दिली, झोपवलं, एक्स-रेला नेलं. तोवर शकूवहिनी आल्या. बाकावर माझ्याशेजारी बसल्या, आणि इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. सरांना टीबी आहे. दिवाळीच्या त्या सुट्टीत पहिल्यांदा रक्त पडलं. सुजाताला स्थळं बघत होते. घरात टीबी म्हटलं असतं तर दारात कोण आलं असतं? म्हणून इथे कुणाला दाखवलं नाही. गगनबावड्याच्या वाटेवर एका बाजारगावात एक वयस्कर डॉक्टर, तिथे ओळखीचं कुणी नाही. एक्स-रेत डाग दिसला, गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी लघवीही लाल व्हायची. काही दिवसांनी रक्त थांबलं, म्हणजे गुण आला. पुन्हा पडलं तेव्हा गोळ्यांबरोबर इंजेक्शनं. थुंकीत लाल दिसू नये म्हणून पान, डाग दिसू नयेत म्हणून तांबडे रुमाल, खोकला उठू नये म्हणून हसणं बंद.

"आणि कप?" मी विचारलं.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. "तुमच्यापैकी कुणाला लागू नये म्हणून. घरातबी ताट, तांब्या, अंथरूण सगळं वेगळं हाय त्यांचं. कप घेऊन पहिल्या दिवशी शाळेत गेले, त्या संध्याकाळी जेवले न्हाईत. म्हणाले, आबांनी फोडलेला कप मी इकत आणला."

ते वाक्य ऐकल्यावर मला रडू आवरलं नाही. बाबूमामा समोर उभे होते. ते भिंतीकडे तोंड करून राहिले.

डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. डॉक्टर त्यांची छाती तपासत होते, पुन्हा पुन्हा. डावीकडे, मग उजवीकडे, मग परत उजवीकडे. शिट्टी फक्त उजव्या बाजूलाच आहे, असं ते स्वतःशीच म्हणाले. दमा असा एका बाजूचा नसतो. मग त्यांनी जुने एक्स-रे मागितले. वहिनींनी पिशवीतून काढून दिले. सगळ्या एक्स-रेत डाग त्याच जागी, तेवढाच. थुंकीत कधी जंतू सापडले होते का? नव्हते. वजन उतरलं होतं का? नाही. ताप? नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि सहज विचारलं, "मग टीबी आहे, हे कशावरून?"

सर डॉक्टरांकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी जगाला हाच प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, "माझी आई अशीच रक्त पडून गेली. मी लहान होतो. रक्त बघितलं आणि... विचारलंच नाही."

वहिनी पटकन म्हणाल्या, "सगळ्या दुनियेला कशावरनं कशावरनं करत्यात. रगताला तेवढं इचारलं न्हाई."

त्या बोलण्यात राग होता, आणि तो फार जुना होता. मला वहिनींचं पटलं. माणूस सगळीकडे कुलपं लावत फिरतो आणि एक दार सताड उघडं राहतं. सरांचं ते दार त्यांच्या आईपाशी होतं.

पुढच्या आठवड्यात नळी घालून तपासणी झाली. श्वासनळीच्या उजव्या फाट्यात एक गोळा बसला होता, लालबुंद, ओल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा. डॉक्टरांनी त्याला हात लावायचं टाळलं, कारण हा गोळा नुसता रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, डिवचला की भळभळतो. नाव सांगितलं, कार्सिनॉइड. म्हणाले, पुस्तकात वाचला होता, फार दुर्मिळ, प्रत्यक्ष हा पहिलाच बघतोय. हळू वाढतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो, मधूनच रक्त पडतं, मधूनच थांबतं. म्हणून गोळ्यांनी थांबलं असं वाटलं. गाठच आहे, कॅन्सरच्या जातीतली, पण त्यातल्या त्यात बरी. पुण्याला जाऊन फुफ्फुसाचा खालचा भाग काढून टाकला तर बहुतेक माणूस बरा होतो. सरांनी "बहुतेक" या शब्दावर मान हलवली. बहुतेक म्हणणाऱ्या माणसावर त्यांचा थोडा विश्वास बसत असे.

वहिनी रडायला लागल्या होत्या. सरांनी मात्र एकच विचारलं, "ह्यो लागतो का कुणाला? शेजारच्याला? एका कपातनं?"

डॉक्टर म्हणाले, छे, हा कुणाचा कुणाला लागत नाही. घरात नाही, दारात नाही. कधीच नाही.

"मग कप?" सर म्हणाले.

डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं. छातीत कॅन्सरचा गोळा आहे हे ऐकून ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, तो माणूस त्या तपकिरी कपासाठी, आमच्यासमोर, तोंडावर हात न धरता, मोठ्याने रडला.

पुण्याला ऑपरेशन झालं. तिथल्या सर्जननाही सरांनी सोडलं नाही म्हणे. काढलेला तुकडा मला दाखवा, काढलाय हे कशावरनं, असं शुद्धीवर येताच विचारलं. त्यांनी बरणी आणून दाखवली. मग झोपले. उन्हाळ्याची सुट्टी विश्रांतीत गेली आणि जूनमध्ये शाळा भरली तेव्हा सर आले. शर्ट अंगावर लोंबत होता, चालताना उजवा खांदा जरा खाली, पण भुवया होत्या तिथेच, वर.

तोपर्यंत सगळी गोष्ट सगळ्यांना कळली होती. मीच सांगितली होती, आणि ती सांगताना काहींनी माना खाली घातलेल्या मी पाहिल्या होत्या. मधल्या सुट्टीत बाबूमामा किटली घेऊन आले. सरांना विचारलंसुद्धा नाही. खिळ्यावरचा निळ्या काठाचा एक कप काढला, भरला, बशीत ठेवून समोर केला. सरांनी वास घेतला. "दूध पातळ हाय," ते म्हणाले. मामा म्हणाले, "पातळच हाय. प्या आता." आम्ही सगळे हसलो. वर्षानुवर्षांचं मळभ गेल्यासारखं वाटलं.

सरांनी दोन घोट घेतले. मग उरलेला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी टेबलावरून हळूच सूर्यवंशी सरांपुढे सरकवली. "घ्या. टाकू नये म्हणता न्हवं तुमी."

सूर्यवंशी सर बशीकडे बघत राहिले. मग छातीला हात लावून म्हणाले, ॲसिडिटी आहे, डॉक्टरांनी चहा बंद केलाय. त्यांच्यासमोर त्यांचा स्वतःचा रिकामा कप होता. तळाला चहापत्ती अजून ओली होती.

कुरणे सरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "कशावरनं?"

आता आजाराची सबब उरली नव्हती. रोग कुणालाच लागणार नाही हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, सूर्यवंशी सरांनाही. त्यांचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. ते कानशिलापर्यंत लाल झाले. घंटा झाली तसे उठले, खडूची पेटी उचलली आणि तासाला निघून गेले. बशीतल्या चहावर साय धरायला लागली होती. सरांनी ती बशी स्वतःकडे ओढली, फुरका मारत, सावकाश, सगळा चहा संपवला. नंतर कप बाबूमामांच्या बादलीत विसळला आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर अडकवला, बाकीच्या सगळ्या कपांच्या मधे. मामांनी मागून येऊन उरलेले कप लावले. सगळे पांढरे, सगळ्यांचा काठ निळा. सरांचा कप कुठला, ते आता खुद्द सरांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जरा उशिरा पोचले. बाबूमामा किटली हातात धरून उभे होते. सूर्यवंशी सर खालमानेने पिशवीतून काहीतरी काढत होते. घरून आणलेला, कोरा करकरीत, झाकणाचा स्टीलचा कप. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि मामांना म्हणाले, ह्यात ओता, जरा वरून.

आम्ही सगळ्यांनी कुरणे सरांकडे पाहिलं. ते खिडकीजवळ निळ्या काठाचा कप हातात घेऊन बसले होते. त्यांनी त्या स्टीलच्या कपाकडे पाहिलं, भुवया वर चढवून. मला वाटलं, आता काही बोलतील. आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग उजवी बरगडी तळव्याने दाबून धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. इतक्या वर्षांत त्यांचं ते गडगडाटी हसू आम्ही ऐकलं नव्हतं. हसता हसता खोकल्याची उबळ आली. मामांनी किटली खाली ठेवली.

सरांनी खिशातून रुमाल काढून तोंडाला लावला. पांढरा रुमाल होता. खोकला थांबल्यावर त्यांनी तो उघडून जुन्या सवयीने आत पाहिलं, उजेडाकडे धरून उलटसुलट करून पुन्हा पाहिलं, आणि मग तो बिनडागाचा पांढरा रुमाल बाबूमामांना दिसेल असा पुढे धरला.